कै. डॉ. द्वारकानाथ कोटणीस : परमुलखातील एक सेवाव्रती जीवन

इंदापूर सोडून पुणे-सोलापूर रस्त्याने पूर्वेकडे निघाले म्हणजे थोड्याच वेळात भीमा ओलांडावी लागते, आणि मग टेंभुर्णी, मोहोळ मागे टाकीत आपण सोलापूर शहरात शिरतो. बारामती-इंदापूरकडील आपल्या ज्ञातीतील बहुतेक कुटुंबांचा या शहराशी काही ना काही संबंध असतोच. कोणाची लेक तेथे दिलेली असते, कोणी चादरींच्या खरेदीसाठी जातो, कोणी औषधोपचारासाठी. परंतु त्या शहरातील भैया चौकात एका डॉक्टरांचे घर स्मारक म्हणून जतन केलेले आहे, आणि त्या डॉक्टरांची समाधी मात्र हजारो मैलांवर चीन देशात आहे, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांनी थांबून पाहिली असेल, याची आम्हांस शंका आहे. त्या डॉक्टरांचे, म्हणजे कै. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे चरित्र स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

डॉ. कोटणीस आपल्या ज्ञातीचे नव्हते. तेव्हा ज्ञातीच्या स्मरणिकेत त्यांना स्थान कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात आल्यास तो अयोग्य नाही. त्याचे उत्तर लेखाच्या अखेरीस वाचकांचे वाचकांनाच सापडेल, असा आम्हांस विश्वास वाटतो.

द्वारकानाथांचा जन्म दि. 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापूर येथे झाला. वडील शांतारामपंत गिरणीत नोकरीस होते. घरात भावंडे पुष्कळ, मिळकत मध्यमवर्गीय, आणि मुलांनी शिकावे ही आकांक्षा मात्र मोठी. त्या काळचे सोलापूर म्हणजे गिरण्यांच्या भोंग्यांवर जागे होणारे कामकरी लोकांचे शहर. 1930 साली स्वातंत्र्याच्या चळवळीत या शहराने इंग्रजांचा लष्करी कायदा सोसला, आणि दि. 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे हे चौघे सोलापूरकर फासावर गेले. चौघांची नावे वाचली तरी पुरे. जात आणि धर्म यांचा त्या फासाने काही भेद केला नाही. ज्या गावच्या मातीत असे संस्कार मिसळलेले होते, त्या गावचा हा मुलगा मुंबईच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाला. पुढील उच्च शिक्षणाची तयारी चालू होती. एखाद्या मध्यमवर्गीय घराने जे स्वप्न पाहावे, ते पुरे होण्याच्या बेतात होते.

इतक्यात पूर्वेकडे युद्धाचा वणवा पेटला. जुलै 1937 मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चीनच्या आठव्या रूट सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरू यांना पत्र लिहून डॉक्टर व औषधे यांची मदत मागितली. 1938 साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी देशाला आवाहन केले, लोकांकडून निधी जमविला, आणि पाच डॉक्टरांचे एक पथक पाठविण्याचे ठरले. अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल हे पथकाचे प्रमुख. स्पेनमधील यादवी युद्धात त्यांनी जखमींची सेवा केलेली होती. नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर हे वयाने सर्वांत वडील. कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू व डॉ. देबेश मुखर्जी, आणि पाचवे सोलापूरचे डॉ. कोटणीस. आपला देश त्या वेळी स्वतःच पारतंत्र्यात होता. ज्याच्या घरी पुरेसे नाही, त्याने शेजाऱ्याच्या घरची चूल विझू नये म्हणून निखारा द्यावा, तसेच हे कृत्य होते.

दि. 1 सप्टेंबर 1938 रोजी हे पथक राजपुताना नावाच्या बोटीने मुंबईहून निघाले. त्या वेळी कोटणीसांना अठ्ठाविसावे वर्ष पुरे व्हावयाचे होते. त्याच महिन्यात ते कॅन्टन बंदरी पोहोचले. तेथे डॉ. सुन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग छिंगलिंग यांनी त्यांचे स्वागत केले. तेथून हँकौ, आणि पुढे यांगत्से नदीच्या काठाने चुंगकिंग. पथक पुढे सरकत होते आणि मागची शहरे पडत होती; ऑक्टोबरच्या अखेरीस कॅन्टन व हँकौ ही दोन्ही शहरे जपान्यांच्या हाती गेली. चुंगकिंग येथे या पाहुण्यांना चिनी नावे मिळाली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी हुआ हे अक्षर जोडण्यात आले. हुआ म्हणजे चीन. आपले कोटणीस तेथे के दिहुआ झाले.

चुंगकिंगमध्येच, 1939 च्या आरंभी, सोलापूरहून वडिलांच्या निधनाची वार्ता येऊन पोहोचली. परमुलखात, कडाक्याच्या थंडीत, भाषा न कळणाऱ्या लोकांमध्ये ही वार्ता ऐकणाऱ्या तरुणाच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना पुत्रधर्म मानणाऱ्या आपल्या घरांतील माणसांना सांगावयास नको. पथकप्रमुखांनी त्यांस घरी परतण्याचा सल्ला दिला. तसे करण्यात कोणीही त्यांना बोल लावला नसता. परंतु कोटणीस परतले नाहीत. या प्रसंगाकडे आम्हांस पुन्हा यावयाचे आहे. तूर्त एवढेच नमूद करून पुढे जातो.

दि. 12 फेब्रुवारी 1939 रोजी पथक येनान येथे पोहोचले. आठव्या रूट सेनेचा हा मुख्य तळ. येथून पुढे कोटणीसांचे जे आयुष्य सुरू झाले, त्यातील पराक्रमाचे प्रसंग चित्रपटातून पुष्कळांनी पाहिले आहेत. पण आम्हांस त्याहूनही विचार करण्याजोगी वाटते ती त्यांची तेथील दिनचर्या. माणूस एखादे दिवशी आवेशाने प्राणही देऊ शकतो. परंतु रोजच्या रोज, वर्षानुवर्षे, कोणी पाहत नसता गैरसोय सोसणे ही कसोटी निराळी आहे.

येनानच्या आसपासचा मुलूख पिवळ्या, भुसभुशीत मातीच्या टेकड्यांचा आहे. त्या टेकड्यांच्या उभ्या कडा कोरून लोक गुहेसारखी घरे करतात. जपानी विमाने वरून बॉम्ब टाकीत असल्यामुळे रुग्णालयही अशाच गुहांत थाटलेले होते. एका गुहेत शस्त्रक्रिया, दुसरीत जखमी, तिसरीत डॉक्टरांचा मुक्काम. निजण्यास मातीचा ओटा. हिवाळ्यात त्याच्या पोटात विस्तव घालून तो ऊबदार ठेवावयाचा. अंगावर कापूस भरलेला जाड, ढगळ गणवेश, साध्या शिपायाचा असतो तसाच. हिवाळ्यात पाणी गोठून जाई, आणि रात्री उजेड तेलाच्या मिणमिणत्या दिव्याचा.

जेवणाचे म्हणाल तर मुख्य अन्न राळ्याचे. आपल्याकडे राळ्याचे पीक आता दुर्मीळ झाले आहे. पण इंदापूरच्या जिरायती पट्ट्यातील वृद्ध मंडळींना राळ्याचा भात आठवत असेल. तोच राळा, बरोबर बटाटा, मुळा किंवा कोबी. मांस क्वचित, साखर त्याहून क्वचित. मुंबईच्या महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या त्या डॉक्टरास आजी-पणजीच्या काळचे हे धान्य परदेशातील रणभूमीवर रोज खावयास मिळाले, ही दैवगती मोठी विचित्र खरी. त्या प्रदेशाची नाकेबंदी झालेली असल्यामुळे धान्य आणि कापडही पुरेसे मिळत नसे. म्हणून सैनिक, अधिकारी, डॉक्टर, विद्यार्थी या सर्वांनी जमीन खणावी, भाजीपाला लावावा, सूत कातावे, अशी तेथील रीत होती. आपल्या देशात गांधीजींनी चरखा हाती दिला होता, त्याच सुमारास सहस्रावधी मैलांवर दुसरी जनता निराळ्या कारणाने सूत काततच होती.

येनानच्या रुग्णालयात काही महिने काढल्यावर कोटणीसांना आघाडीचे वेध लागले. डॉ. चोळकर आणि डॉ. मुखर्जी हे 1939 सालीच, एक वयोमानामुळे व दुसरे आजारामुळे, मायदेशी परतले. उरलेले तिघे नोव्हेंबर 1939 मध्ये येनान सोडून पूर्वेकडे निघाले आणि शान्सी प्रांतातील डोंगरांत सेनापती चू तेह यांच्या ठाण्यावर पोहोचले. पुढे प्रकृतीच्या कारणाने डॉ. अटल यांनाही परतावे लागले. राहिले बसू आणि कोटणीस. या दोघांनी जपानी पहाऱ्यातील लोहमार्ग रात्रीच्या अंधारात ओलांडून, 1940 साली, शत्रूच्या पिछाडीस असलेला शान्सी, चाहार व हेबेई या प्रांतांच्या सीमेवरील डोंगराळ मुलूख गाठला. येथेच काही महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर 1939 मध्ये, कॅनडाचे थोर शस्त्रवैद्य डॉ. नॉर्मन बेथून यांचा अंत झाला होता. शस्त्रक्रिया करताना बोटास झालेली जखम विषारी होऊन ते गेले. त्यांच्या समाधीपुढे कोटणीस उभे राहिले, आणि अल्पावधीतच त्यांचेच अपुरे काम त्यांच्या हाती आले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आठव्या रूट सेनेने शंभर पलटणींची मोहीम उघडली. जखमींचा लोंढा वाहू लागला. बसू आणि कोटणीस निरनिराळ्या आघाड्यांवर गेले. या मोहिमेत एका लढाईच्या वेळी तेरा दिवसांत कोटणीसांच्या ठाण्यावर 800 हून अधिक जखमी आले आणि त्यांपैकी 558 जणांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, अशी नोंद आहे. हिशेब केला तर दर दिवशी चाळिसांहून अधिक शस्त्रक्रिया होतात. गोळीबाराच्या जवळ, एखाद्या झोपडीत वा देवळात, दारापाटाचे मेज करून हे काम चालावयाचे. जखमी मागे आणण्यात जो वेळ जातो त्यातच पुष्कळांचा प्राण जातो. म्हणून डॉक्टरानेच पुढे जावे, हा बेथून यांनी घालून दिलेला दंडक कोटणीसांनी मोडला नाही.

जानेवारी 1941 मध्ये हेबेई प्रांताच्या तांग तालुक्यातील गेगोंग गावी असलेल्या बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. डॉ. बसूंना येनानला बोलावून घेण्यात आले होते. आता पाच भारतीयांपैकी त्या डोंगरात एकटे कोटणीस उरले.

रुग्णालय हा शब्द ऐकून वाचकांनी मोठ्या इमारतीची कल्पना करू नये. गावकऱ्यांच्या घरांतूनच रोगी ठेवलेले असत. कोणाच्या पडवीत दोन, कोणाच्या माजघरात तीन. रक्ताने भरलेल्या पट्ट्या धुवून, उकळून, वाळवून पुन्हा पुन्हा वापरावयाच्या. लाकडी आधार गावच्या सुताराकडून, काही हत्यारे लोहाराकडून करून घ्यावयाची. औषधांची सदा टंचाई. शत्रूची फौज डोंगर वेढीत येत असल्याची खबर आली की सारे रुग्णालय खेचरांच्या पाठीवर चढावयाचे. दोन बाजूंच्या दोन पेट्यांत शस्त्रक्रियेचे सामान मावेल अशी बेथून यांनीच योजना करून ठेवली होती. चालू न शकणाऱ्या जखमींना गावकरी आपल्या घरात, भुयारात लपवीत. धोका टळला की पुन्हा परत, पुन्हा तोच ओटा, तोच राळा, तेच काम.

रुग्णालयास जोडून एक वैद्यकीय विद्यालय होते. कोटणीस तेथे शिकवीत, आणि तेही चिनी भाषेत. आम्ही आयुष्यभर मुलांना मातृभाषेत शिकविले; तरीही एखादा अवघड मुद्दा मुलांच्या गळी उतरवताना घाम फुटे. येथे एक सोलापूरकर, ज्या भाषेच्या लिपीत हजारो चिन्हे आहेत आणि ज्या भाषेत उच्चाराचा सूर बदलला की अर्थ बदलतो, ती भाषा ऐन तिशीत शिकून, शेतकऱ्यांच्या मुलांना शस्त्रवैद्यक शिकवीत होता. वर्ग कधी देवळात भरे, कधी उघड्या अंगणात. पुस्तके नव्हती, म्हणून त्यांनी स्वतः पाठ्यपुस्तके लिहावयास घेतली. शिपाई आणि गावकरी त्यांना लाओ के म्हणत. लाओ म्हणजे वडीलधारा. आपल्याकडे एखाद्यास घरोब्याने अण्णा किंवा तात्या म्हणावे तसे हे संबोधन आहे. परका डॉक्टर हळूहळू त्यांच्या घरचा माणूस झाला होता.

या विद्यालयात कुओ छिंगलान नावाच्या एक परिचारिका शिकवीत. दि. 25 नोव्हेंबर 1941 रोजी कोटणीसांनी त्यांच्याशी विवाह केला. पुढील वर्षी दि. 23 ऑगस्ट रोजी त्यांना पुत्र झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेवले. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. त्याच जुलै महिन्यात कोटणीस चिनी साम्यवादी पक्षाचे सभासद झाले होते. पक्षाविषयी वाचकांचे मत काहीही असो. चरित्र लिहिणाऱ्याने ही गोष्ट लपवू नये, म्हणून ती नोंदवितो.

अतिश्रम, निकस अन्न आणि सततची धावपळ यांनी शरीर आतून पोखरले होते. त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले. विश्रांती घ्या, उपचारांसाठी दुसरीकडे जा, असे सहकाऱ्यांनी परोपरीने सांगितले. पण काम सोडून जाणे त्यांच्या मनास येईना. शस्त्रवैद्यकाचे एक पुस्तक पुरे झाले होते, दुसरे अर्धे लिहून झाले होते. दि. 8 डिसेंबर 1942 च्या रात्री एकामागून एक झटके आले, आणि 9 डिसेंबरच्या पहाटे, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, हा दीप मालवला. मूल साडेतीन महिन्यांचे होते. सोलापूरच्या घरी आई वाट पाहत होती.

तेथील जनतेने त्यांना आपल्या हुतात्म्यांच्या पंक्तीत स्थान दिले. माओ त्से तुंग आणि सुंग छिंगलिंग यांनी त्यांना श्रद्धांजली वाहिली. पुढे 1953 साली त्यांचे अवशेष शिजियाझुआंग शहरातील हुतात्म्यांच्या स्मारकस्थळी नेण्यात आले; तेथे डॉ. बेथून यांचीही समाधी आहे. आपल्याकडे ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि 1946 साली व्ही. शांताराम यांनी त्यावर चित्रपट काढून स्वतः कोटणीसांची भूमिका केली. पुत्र यिनहुआही वैद्यकीय शिक्षण घेत होता. परंतु 1967 साली ऐन तारुण्यात तो निवर्तला. पत्नी कुओ छिंगलान 2012 पर्यंत हयात होत्या. त्यांनी भारतात येऊन सासरच्या माणसांशी नाते राखले. सोलापूरचे घर स्मारक म्हणून खुले झाले तेही 2012 सालीच.

1962 साली चीनने आपल्यावर युद्ध लादले. आमच्या पिढीच्या कानांवर चीन हा शब्द आला तो शत्रूचे नाव म्हणूनच. त्यानंतरही सीमेवर रक्त सांडले आहे, आणि आपल्या जवानांचे बलिदान विसरून चालणार नाही. तरीदेखील दोन्ही देशांनी कोटणीसांचे नाव पुसले नाही. चीनने 1982 साली आणि भारताने 1993 साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. राज्यकर्त्यांची मैत्री जुळते आणि तुटते. एखाद्या जखमी शेतकऱ्याच्या पायाची पट्टी रोज बदलणाऱ्या हाताचे ऋण तेवढे शिल्लक राहते.

आता मघाशी अर्धवट ठेविलेल्या प्रसंगाकडे वळतो. शाळेत कोटणीसांची गोष्ट सांगताना वडिलांच्या निधनाचा भाग आम्ही वर्षानुवर्षे गाळीत असू. मुलांना त्यातून काय शिकवावे, हे आमचे आम्हांसच ठरविता येत नव्हते. आमचे स्वतःचे वडील वारले तेव्हा ऐन परीक्षेच्या दिवसांत आम्ही तेरा दिवस शाळा सोडून घरी होतो, आणि त्यात काही चूक झाली असे आम्हांस आजही वाटत नाही. एके वर्षी अनवधानाने हा भाग सांगितला गेला. तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने उठून विचारले की, त्यांच्या आईला त्यांचा राग आला नसेल का? वर्गात शांतता पसरली. आम्ही घड्याळाकडे पाहिले आणि तास संपविला. शिक्षकी पेशातील आमचा तो एक पराभवच म्हणावयास हवा.

पुष्कळ वर्षे विचार केल्यावर आम्हांस असे वाटते की, आईस दुःख झालेच असणार, आणि कदाचित रागही आला असेल. मोठ्या कार्याची किंमत पुष्कळदा ते करणाऱ्याहून त्याच्या घरालाच अधिक द्यावी लागते, आणि चरित्रे लिहिणारे आम्ही लोक तेवढीच ओळ गाळतो. म्हणून कोटणीसांना वंदन करताना सोलापूरच्या त्या माउलीलाही वंदन केले पाहिजे. परंतु कोटणीसांनी पुत्रधर्म टाकला असे म्हणावयास मात्र आमचे मन धजत नाही. ज्या वडिलांनी ओढाताण सोसून मुलास डॉक्टर केले, त्यांचे श्राद्ध त्याने गुहेतील त्या मेजावर, परक्यांच्या मुलांना वाचवून, रोज घातले, असे आम्ही समजतो. ज्यांना पटणार नाही त्यांच्याशी आमचा वाद नाही.

ज्ञातीची संस्था कशासाठी असते? आपल्या माणसांची विचारपूस व्हावी, गरजू मुलांचे शिक्षण अडू नये, अडीअडचणीला कोणी धावून यावे यासाठी. हे काम चांगले आहे आणि ते चालले पाहिजे. परंतु आपला माणूस कोण, या प्रश्नाचे उत्तर नावांच्या यादीवरच थांबता कामा नये. कोटणीसांनी त्या उत्तराची कक्षा किती रुंदावता येते ते दाखविले, आणि तेही भाषणाने नव्हे, तर राळा खाऊन, पट्ट्या धुवून आणि परक्यांची भाषा शिकून. आपल्या ज्ञातीतील पुष्कळ मुले-मुली आता डॉक्टर, परिचारिका व सैनिक होत आहेत, कित्येक परदेशीही जात आहेत. त्यांनी सोलापूरच्या बाजूस कधी जाणे झाल्यास भैया चौकातील त्या घरी दहा मिनिटे थांबावे, आणि परतताना आपल्या आईसाठी काहीतरी घेऊन यावे. एवढे झाले तरी हे चार शब्द लिहिल्याचे आम्हांस सार्थक वाटेल.